सफियाचा तांब्याचा खुळखुळा

वादी कबीर, मस्कत
१६ ऑक्टोबर १९९८

अमीनभाई,

सलाम. रुवीतल्या तुझ्या ऑफिसात या आठवड्यात तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतास. माझ्या घरून तुझं ऑफिस टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे, तरी पत्र लिहिते आहे, कारण पत्राला ‘नंतर बोलू’ म्हणून खाली ठेवता येत नाही.

आईचा खुळखुळा सापडला.

तुझ्या कंपनीच्या मालकाची, अर्बाबची, मुलगी शम्सा मत्राच्या त्यांच्या जुन्या घरात म्युझियम करते आहे, हे तुला माहीत आहेच. तिथले जुने जरीचे कपडे टाचून द्यायचं काम तूच मला लावून दिलंस. ‘मोठ्या घरचं काम आहे, नीट कर,’ म्हणालास. मी कपड्यांवरून मान वर करणार नाही असं तुला वाटलं असेल. की तू विसरूनच गेला होतास?

सोमवारी वरच्या मजल्यावर एका झग्याचं माप घ्यायला गेले. खिडकीशेजारी काचेचं कपाट आहे. त्यात खंजीर, कॉफीची भांडी, आणि मधल्या फळीवर तो. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून खिळे मारलेल्या, खाली लाकडी मूठ. मुठीवर आईने गुंडाळलेली सुती दोरी अजून आहे, घामाने काळी पडलेली. डाव्या वाटीला पोचा आहे. तो पोचा तू पाडलास, सात वर्षांचा असताना, विहिरीच्या कठड्यावर आपटून. मार मात्र मला बसला होता.

खाली चिठ्ठी आहे. तिथल्या माणसाने वाचून दाखवली. ‘नाचाचा खुळखुळा. तांबे. झांजिबार. करणारा अज्ञात.’

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तू गावी आलास तेव्हा आईकडून हा मागून घेतलास. मुंबईत तांबटाकडून खिळे पक्के करून आणतो म्हणालास. मग पत्र पाठवलंस की विमानतळावर बॅग हरवली, तिच्यातच तो होता. तेव्हा मी गावीच राहत होते, ते पत्र आईला मीच वाचून दाखवलं. तिने विचारलं, बॅगेत अमीनचे कपडे पण होते का? बिचाऱ्याचे कपडे गेले, म्हणाली.

मी कोणाजवळ काही बोललेले नाही. आधी तुलाच विचारते आहे. बॅग हरवली होती का?

तुझी बहीण
खुदेजा

*

वादी कबीर
२० नोव्हेंबर १९९८

अमीनभाई,

पत्राचं उत्तर पत्राने द्यायचं असतं. तू गाडी काढून रुसैलला गेलास आणि फॅक्टरीच्या गेटवर हुसेनना गाठलंस. नवरा माझा आहे, पण भाऊ तू माझा आहेस. जे बोलायचं ते मला बोलायचं.

हुसेन घरी आले ते चप्पल न काढताच सोफ्यावर बसले. तुझा निरोप त्यांनी जसाच्या तसा सांगितला. रुबिनाभाभीच्या भाच्याशी, आदिलशी, आपल्या झरीनचं ठरत आलं आहे. भाभीचं माहेर म्हणजे रत्नागिरीचे मोठे व्यापारी. सात पिढ्यांपूर्वी अरबस्तानातून आलो म्हणून सांगणारे. मुलीची नानी सिद्दी होती, ती उरुसात बायकांच्या पुढे नाचायची, हे त्यांच्या कानावर गेलं तर मंगनी मोडेल. आणि हुसेनचा व्हिसा तुझ्याच कंपनीचा आहे, हे त्यांनी विसरू नये.

हुसेन म्हणाले, ‘तुझा भाऊ म्हणतो ते बरोबर नाही. पण तू गप्प बसलीस तर कोणाचं काही बिघडणार नाही.’

मी त्यांना चहा करून दिला आणि सांगितलं की आता उशीर झाला. तुलाही तेच सांगते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. मी शम्साला त्याच सोमवारी सांगून टाकलं होतं.

ठरवून नव्हे. ती मागून आली आणि हिंदीत म्हणाली, ‘खुदेजा, तुम्हाला हे आवडलेलं दिसतं.’ माझ्या तोंडून निघून गेलं की हे माझ्या आईचं आहे. ती हसली. वाईट नाही हसली, पोरं काही तरी बोलतात तेव्हा आपण हसतो तशी. म्हणाली, ‘हे माझ्या बाबांना अमीनने दिलं. झांजिबारहून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या घरातून त्याने शोधून आणलं होतं.’

तेव्हा मला कळलं तू काय केलंस. विकला असतास तर गरज होती म्हणून मी सोडून दिलं असतं. तू तो भेट दिलास. साहेब खूश व्हावा म्हणून. आणि तो आपल्या घरातला म्हणून नव्हे, कुठल्याशा परक्या म्हाताऱ्याचा म्हणून.

मी शम्साला विचारलं, आत काय आहे माहीत आहे? ती म्हणाली, आफ्रिकेतल्या कुठल्या तरी बिया असाव्यात. मी म्हटलं, आत पाच सागरगोटे आहेत आणि जाळ्याला लावायचं एक शिसं. तिला सागरगोटे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आमच्या किनाऱ्याला काटेरी झुडपावर होतात, राखाडी, गोट्यांसारखे, मुली खेळतात, असं हाताने दाखवून सांगितलं.

तू विसरला असशील म्हणून लिहिते. खाडीत फुटलेल्या गलबताच्या बुडाचा तांब्याचा पत्रा बाबांनी आणला होता. खलाशाकडे दुसरं काय असणार? लग्नानंतर पहिल्या उरुसाला त्यांनी तांबटाकडून आईला हा करून दिला. तेव्हा आत फक्त शिसं होतं. मग मूल झालं की आई तांबटाकडे जायची, एक खिळा काढायला लावायची आणि एक सागरगोटा आत टाकायची. पाच मुलं झाली. तीन गेली. गेलेल्यांचे काढून टाक, असं आजूबाजूच्या बायका म्हणायच्या. तिने काढले नाहीत. पहिला सागरगोटा तुझा आहे, भाई. तू स्वतःलाच अर्बाबला देऊन टाकलंस.

उरुसाच्या सातव्या दिवशी टेकडीवरच्या पिराच्या अंगणात आपल्या आईकडच्या बायका उभ्या राहायच्या. आई सगळ्यांच्या पुढे. आधी नुसतं पाऊल, मग खुळखुळा, मग सगळ्या मिळून. तू मशिदीच्या भिंतीमागे थांबायचास. शाळेतली मुलं ‘हबशी, हबशी’ करायची ते मला माहीत आहे. मी बाबांवर गेले, मला कोणी काही म्हटलं नाही. तू आईवर गेलास. अजूनही केस बोटभर वाढू देत नाहीस, दर पंधरा दिवसांनी रुवीत कापून घेतोस. ते सगळं मला समजतं. मी तुला त्याबद्दल कधी दोष दिला नाही.

पण खुळखुळा गेल्यावर पाच वर्षं आई डालड्याच्या डब्यात खडे घालून नाचली. तो आवाज मी ऐकला आहे. तू नाहीस. एकदा घरी येऊन बसली आणि म्हणाली, ‘माजा हात नेलान कुनीतरी.’ कोणी नेला ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आज पहिल्यांदा मला वाटतं, बरंच झालं.

मी गप्प बसणार नाही.

खुदेजा

*

वादी कबीर
५ जानेवारी १९९९

अमीनभाई,

रमजान मुबारक. सतरावा रोजा आहे, म्हणून शब्द जपून लिहिते.

शम्साने खुळखुळा तिच्या एका नातलगाच्या दवाखान्यात नेऊन त्याचा एक्स-रे काढला. माणसाचा काढतात तसाच. काल तिने मला बोलावून खिडकीच्या उजेडात फिल्म धरली. वाट्यांच्या जाड सावल्या होत्या. त्यांच्या आत पाच फिकट गोल ठिपके एकमेकांना चिकटून, आणि बाजूला एक पांढराशुभ्र लांबट तुकडा. शम्साने बोटाने मोजले. मग परत मोजले. मग तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. चार महिन्यांत त्या घरात मला कोणी खुर्ची दिली नव्हती.

ती म्हणाली, चिठ्ठी बदलावी लागेल, पण वस्तू बाबांची आहे, त्यांच्यासमोर हे सगळं बोलावं लागेल. मी हो म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, ‘मग अमीनने बाबांना जे सांगितलं ते काय होतं?’

मी तिला उत्तर दिलं नाही. हे तुझं उत्तर आहे, तू द्यायचं. चौदा वर्षांपूर्वीच्या गोष्टीवरून तुझं पद जावं असं मला वाटत नाही. तू स्वतः जाऊन सांगितलंस की आईची वस्तू होती, सांगायला लाज वाटली म्हणून झांजिबारचं नाव घेतलं, तर तो माणूस समजून घेईल. त्यांच्या घरात कितीतरी माणसं झांजिबारहून आलेली आहेत. ईदपर्यंत मी थांबते.

दुसरंही एक लिहायचं आहे. तुझा निकाह मुंबईत झाला तेव्हा आईला तू तारीख पुढे गेल्याचं कळवलंस, आणि रुबिनाभाभीच्या घरी सांगितलंस की आई तू लहान असतानाच वारली. आई आणखी तेरा वर्षं जगली. मी त्या निकाहाला होते. भाभीने माझा हात धरून विचारलं होतं, तुमच्या अम्मी कशा होत्या? मी म्हटलं, चांगल्या होत्या. ‘होत्या’ म्हटलं. त्या वेळी आई गावी मासे वाळत घालत असेल. हुसेनसाठी तू व्हिसा काढणार होतास, म्हणून मी तसं म्हटलं. तेव्हा तुझ्या खोट्यात माझीही अर्धी वाटणी आहे. मी माझी अर्धी आता परत करते आहे.

खुदेजा

*

वादी कबीर
१२ फेब्रुवारी १९९९

अमीन,

भाई लिहीत नाही. का ते तुला माहीत आहे, पण मी ते कागदावर उतरवून ठेवणार आहे, म्हणजे पुढे तुला ‘असं झालंच नव्हतं’ म्हणता येणार नाही.

मंगळवारी तुझे अर्बाब मजलिसमध्ये, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, बसले होते. बाजूला शम्सा, तिच्या पुढ्यात पांढऱ्या कापडावर खुळखुळा. मी दाराशी. हुसेन अर्धी रजा टाकून आले होते आणि चपलांजवळ उभे होते. तू कोट घालून आलास, माझ्याकडे न बघता. अर्बाबने सगळं ऐकून घेतलं, फिल्म पाहिली आणि तुला शांतपणे विचारलं, ‘अमीन, ही तुझी बहीण म्हणते ते खरं आहे का?’

तू म्हणालास, ‘ही माझी सख्खी बहीण नाही, अर्बाब. वडिलांनी दुसरी बायको केली होती, तिची मुलगी. माझी आई मी लहान असताना गेली. त्या बाईकडे काय होतं, मला माहीत नाही.’

त्या बाईकडे.

मला वाटलं होतं, मी रडेन. रडू आलं नाही. मी आत गेले आणि कोणाला न विचारता खुळखुळा उचलला. शम्साने हातमोजे पुढे केले, ते मी घेतले नाहीत. आईने चाळीस वर्षं तो उघड्या हाताने धरला होता. मी आधी नुसतं पाऊल टाकलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, गुडघे दुखतात, अंगावर रोजचा बुरखा, समोर परके पुरुष. हुसेन मान खाली घालतील असं वाटलं होतं. त्यांनी घातली नाही. मग मी हात उचलला. पंधरा वर्षं काचेआड पडून आवाज मेला असेल अशी भीती होती. तसाच होता. सागरगोट्यांचा जाडसर, आणि मध्येच शिशाचा टणका. मी तीन फेरे घेतले. आईकडचं गाणं मला पुरतं येत नाही, जेवढं येतं तेवढं म्हटलं.

मग तुझ्यापुढे येऊन थांबले आणि मूठ तुझ्याकडे केली. म्हटलं, ‘हातात घे. हातात घेऊन सांग की ती तुझी आई नव्हती. तू सांगितलंस तर मी इथून जाईन आणि पुन्हा बोलणार नाही.’

सगळे बघत होते. तुला फक्त हात पुढे करायचा होता. खोटं बोलायला तुझी जीभ अडत नाही, पण हात पुढे आला नाही. तू घड्याळ पाहिलंस, बँकेची मीटिंग आहे म्हणालास आणि निघून गेलास.

अर्बाबने खुळखुळा माझ्या हातातून घेऊन कापडावर ठेवला. मग हिंदीत म्हणाले, ‘वस्तू मला भेट मिळाली आहे, ती या घरात राहील.’ मी म्हटलं, राहू द्या, गावच्या घराचं छप्पर गळतं, इथे ती नीट राहील. पण नाव तिचं पाहिजे. त्यांनी शम्साला सांगितलं, ‘ही सांगेल ते नाव घाल. त्याने हात लावला नाही, तेवढं मला पुरे.’

शम्साने वही उघडली. मी सांगितलं: सफिया, बाबामियाँ खलाशी यांची बायको, सिद्दी, रायगडचा किनारा. उरुसात नाचायची. अमीन आणि खुदेजा यांची आई.

शम्साने पेन थांबवलं. ‘त्याचंही नाव घालायचं?’ मी म्हटलं, हो. त्याला ती नको असेल, तिला तो हवा होता.

खुदेजा

*

वादी कबीर
२७ ऑगस्ट १९९९

अमीन,

हे थोडक्यात. हुसेनचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर दोन ओळींचा कागद. कोणी फिरवला ते मी विचारत नाही, सही कोणाची आहे ते दिसतं. ते परवा गावी जात आहेत. जाताना म्हणाले, ‘तू मजलिसमध्ये नाचलीस तेव्हा मला सफियाचाचींची आठवण झाली. मी लहानपणी त्यांना घाबरायचो.’ तुझ्याबद्दल ते एक शब्द वाईट बोलले नाहीत. म्हणून मीच बोलते.

तुला वाटलं असेल, नवऱ्यामागोमाग बायकोही खलास. शम्साने माझा व्हिसा म्युझियमच्या नावावर काढला आहे. आता मी ‘मेंटेनन्स स्टाफ’. हुसेन इतकी वर्षं तुझ्या उपकारावर राहिले असं तू म्हणायचास. मी माझ्या सुईवर राहते आहे.

झरीनची मंगनी मोडली हे भाभीच्या माहेरून तुला कळलंच असेल, पण कशी मोडली ते कळलं नसेल. आदिलची आई आली होती. म्हणाली, आम्हाला मुलगी पसंत आहे, फक्त ती चिठ्ठी म्युझियमची चूक होती एवढं चारचौघांत सांगा. मी काही बोलायच्या आत झरीन आतून आली. तिचं मराठी तुला माहीत आहे, इंग्लिश शाळेतलं. म्हणाली, ‘आंटी, ती मिस्टेक नाही. ती माझी नानी आहे.’ अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि सरबताचे ग्लास उचलून नेले. मी तिला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. आदिलचा दोनदा फोन आला. रडत होता म्हणे. आईसमोर मात्र तोंड उघडलं नाही त्याने. झरीनही दोन दिवस नीट जेवली नाही, तेही लिहिते, कारण हे सगळं फुकट झालं असं मी दाखवणार नाही.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर म्युझियममध्ये आली. चिठ्ठी अरबीत आणि इंग्रजीत होती. ती शम्साला म्हणाली, मराठीत पण पाहिजे, नानीला तीच भाषा येत होती. आणि स्वतः बसून लिहिली. ‘किनारा’ ऱ्हस्व की दीर्घ, मला तीन वेळा विचारलं.

खुदेजा

*

वादी कबीर
७ मार्च २००३

अमीन,

चार वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं. सलाम नाही, तब्येत नाही, हुसेन कसे आहेत नाही. दोन ओळी. ‘चिठ्ठीवरून माझं नाव काढून टाक. जिब्रानसाठी स्थळं येत आहेत.’

तुझं पत्र रविवारी मिळालं. काल, गुरुवारी, दुपारी रुबिनाभाभी म्युझियममध्ये आल्या.

मी शिवणाच्या खोलीत होते. दार लोटून त्या आत आल्या, एकट्या. चार वर्षांत आम्ही रुवीच्या बाजारात दोनदा समोरासमोर आलो होतो, दोन्ही वेळा त्यांनी रस्ता बदलला होता. हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. त्यांनी ती माझ्या मशीनवर ठेवली. आत माझी पत्रं. पाचही, फोडलेली, पाकिटांसकट. तू ती जाळली नाहीस याचं मला नवल वाटलं.

त्या म्हणाल्या, मागच्या महिन्यात त्यांच्या जमातीच्या बायकांबरोबर म्युझियम बघायला आल्या होत्या. मला टाळायचं म्हणून सरळ वरच गेल्या. इंग्रजी त्यांना येत नाही, मराठीही वाचता येत नाही, शिक्षण सगळं उर्दूत. पण अरबी चिठ्ठीतली नावं वाचता आली. सफिया. अमीन. खुदेजा. दोघांची आई एकच, आणि तू तर चार वर्षांपूर्वी घरी मला सावत्र ठरवलं होतंस. घरी येऊन तुला विचारलं. तू म्हणालास, अमीन नावाची माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांनी विचारलं, खुदेजा नावाची बहीण असलेली? तू जेवणावरून उठून गेलास. मग परवा तू ऑफिसला गेल्यावर त्यांनी तुझा खण उघडला.

‘यात काय लिहिलंय ते मला कळत नाही,’ म्हणाल्या. ‘तूच वाच. काही गाळू नकोस.’

मी वाचलं. मराठी त्यांना ऐकून समजतं, अडलं तिथे हिंदीत सांगितलं. त्यांच्या निकाहाबद्दल मी जे लिहिलं होतं ते आलं तेव्हा मी कागद खाली ठेवला. त्यांनी पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, पुढे. आदिलच्या आईचं आलं, तेव्हा मान फिरवली, पण थांबवलं नाही. असरच्या अजानला आम्ही शेवटचं पत्र संपवलं.

मला वाटलं, त्या मला विचारतील, तू माझ्या तोंडावर खोटं का बोललीस? त्या पाकिटं नीट लावत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सत्तावीस वर्षं माझ्या घरात सासूचा एक फोटो नाही. मला वाटायचं, हे नेक आहेत, फोटो गुनाह मानत असतील. माझ्या वडिलांचे चार फोटो आहेत भिंतीवर. ते चाललं त्यांना.’

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘तुझी अर्धी तू लिहून परत केलीस. ठीक आहे. त्यांची अर्धी त्यांच्याकडे आहे.’

नंतर वर गेलो. शम्साने कपाट उघडून दिलं. भाभींनी खुळखुळा दोन्ही हातांवर घेतला, आपण कुराण घेतो तसा. वाजवला नाही. ‘यात जिब्रानच्या अब्बांचा कोणता?’ विचारलं. मी म्हटलं, ते आता देवालाच माहीत, पाचही एकमेकांत मिसळले आहेत.

त्या तुला आता काही विचारणार नाहीत, असं मला सांगून गेल्या. एकदा विचारलं, ते पुरे म्हणाल्या. मे महिन्यात उरूस आहे. भाभी, मी आणि झरीन गावी जातो आहोत. आईच्या कबरीला दगडही नाही, तो बसवायचा आहे. जिब्रान येतो म्हणाला. होय, त्याला कळलं आहे, त्याच्या आईने काल घरी पोचल्यावर पहिल्यांदा त्यालाच सांगितलं. मुलीकडच्यांनी विचारलं तर मी सांगेन, असं म्हणाला म्हणे. तुझं तिकीट भाभींनी काढलेलं नाही. यायचं असेल तर स्वतः काढ.

राहिलं तुझ्या नावाचं. मी ते काढणार नाही. माझी नोकरी गेली तरी काढणार नाही, शम्साने सांगितलं तरी काढणार नाही. तुला ते नकोच असेल तर म्युझियम शनिवार ते गुरुवार सकाळी साडेनऊला उघडतं. वरच्या मजल्यावर ये. लोक असतात, शाळेची मुलं असतात. त्यांच्यासमोर कपाट उघडायला सांग, चिठ्ठी बाहेर काढ आणि आईच्या नावापुढचं तुझं नाव स्वतःच्या हाताने खोड. मी पेन देईन.

खुदेजा